देव्हाऱ्यातली चावी

"हैबती, सकाळधरनं तुझा फोन नुसता थरथरतोय रे. घे बाबा एकदाचा," असं म्हणत गेटवरच्या वॉचमननं लाकडी कप्प्यातून फोन काढला आणि हैबतीच्या हातावर ठेवला.

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. पहिली पाळी सुटली होती. महाडच्या त्या केमिकल कंपनीत आत फोन न्यायला बंदी होती. सकाळी पावणेसातला गेटवर द्यायचा, तीनला परत घ्यायचा. इतक्या वर्षांत हैबतीला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्याला फोन करणारं होतंच कोण? मुलगी शर्मिला नालासोपाऱ्याहून रविवारी करायची, आणि बायको उज्वला करायची ती संध्याकाळी, मीठ आणा नाहीतर काडेपेटी आणा म्हणून.

फोनवर अकरा मिस कॉल होते. सगळे गणूचे, त्याच्या चुलतभावाचे. पहिला अकरा दहाला, शेवटचा बारा चाळीसला. त्यानंतर एकही नव्हता.

हैबतीनं फोन लावला. गणूनं लगेच उचलला.

"दादा, तू पोलादपूरला ये."

"काय झालं?"

"तू ये. दवाखान्यात हाय आम्ही."

"अरे, काय झालं ते सांगशील काय?"

मागं एका बाईचं रडणं ऐकू येत होतं. मग गणू म्हणाला, "दादा, गाडीची चावी कुठं असते रे?"

"कसली चावी?"

"तुझ्या गाडीची. नाय मिळाली रे. सगळं घर उलटंपालटं केलं, नाय मिळाली."

तेव्हा हैबतीला कळलं. उज्वलाचं नाव कोणी काढलं नव्हतं, तरी कळलं.

तो एसटीसाठी थांबला नाही. पोलादपूरकडं जाणाऱ्या एका ट्रकला हात केला आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसला. ड्रायव्हरनं दोनदा काहीतरी विचारलं, ते त्याला ऐकू आलं नाही. चावी कुठं आहे ते त्याला माहीत होतं, आणि वाटभर त्याच्या डोक्यात तेवढंच होतं.

हैबतीचं गाव उंबरकोंड, पोलादपूरपासून नऊ किलोमीटर वर डोंगरात. घरापासून कंपनीपर्यंत चौतीस किलोमीटर. सोळा वर्षं तो हे अंतर स्प्लेंडरवरून रोज जाऊन येऊन करायचा. पाऊस असो, धुकं असो, पहिल्या पाळीला त्याचा कधी लेटमार्क लागला नाही. मग सहा वर्षांपूर्वी घरी येताना घाटातल्या एका वळणावर खडीवरून गाडी घसरली आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं. सळई घालावी लागली. चार महिने तो खाटेवर होता.

तेव्हा उज्वलानं गावच्या भैरीला नवस बोलला. पांडू गुरवानं गाऱ्हाणं घातलं. हे आपल्या पायांनी चालाय लागले, की पुन्हा गाडीवर बसणार नायत. हैबती चालायला लागला. उज्वलानं चावी लाल फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात भैरीच्या टाकाखाली ठेवली. कुठं ठेवली ते तिनं सांगितलं नाही, पण घरात देवपूजा हैबतीच करायचा. रोज पहाटे आंघोळ करून तो देव पुसायचा, मग फडकं सोडून चावी पुसायचा आणि होती तशी परत ठेवायचा. दोघं यावर कधी एक शब्द बोलले नाहीत.

तेव्हापासून तो एसटीनं जायचा. वस्तीची गाडी पहाटे सव्वापाचला सुटायची. संध्याकाळी मात्र पोलादपूरच्या स्टँडवर दोन-अडीच तास बाकड्यावर बसून काढायचे, कारण वर जाणारी गाडी साडेसहाला. घरी पोचेपर्यंत अंधार. उज्वला बॅटरी घेऊन फाट्यावर उभी असायची.

*

तेराव्यानंतर पाहुणे गेले. शर्मिलाही गेली. जाताना म्हणाली, "बाबा, नोकरी सोड आणि चल माझ्याकडे. इथं एकटा कसा मॅनेज करणार तू?"

"दोन वर्षं राह्यली गो. तेवढी करतो."

"मग ती गाडी तरी विकून टाक. मला ती बघवत नाही."

संध्याकाळी गणू आला आणि पडवीच्या पायरीवर बसला. गणू मुंबईला वीस वर्षं होता. कारखाना बंद पडल्यावर गावी आला आणि स्वतःची चार गुरं आणि हैबतीची गाय सांभाळू लागला. बोलका माणूस. पण त्या दिवसापासून तो येऊन नुसता बसायचा. पडवीच्या कोपऱ्यात गाडी ताडपत्रीखाली उभी होती. गणू तिच्याकडं पाठ करून बसायचा.

"सांग एकदा," हैबती म्हणाला. "सगळ्यांकडनं तुकडं तुकडं ऐकलं. तू सांग."

"काय सांगू दादा? रात्री तुझी गाय व्याली म्हणून मी त्या दिवशी गुरं सोडली नायत. गोठ्यात हुतो. वहिनी खळ्यात भात वारवत हुती. अशी खाली बसली. मला वाटलं दमली. जवळ गेलो तर घामानं भिजलेली, तोंडातनं शब्द नाय. वाडीतली एकच जीप, ती लग्नाला गेलेली. अँब्युलन्सला फोन लावला, तर ती दुसरीकडं गेलेली, तास लागेल म्हणाले. म्हटलं गाडी हाय, मला चालवता येते. पुढं मी, मागं पांडू, मधी वहिनी. अर्ध्या तासात पोलादपूर. पण चावी!"

"किती वेळ शोधलात?"

"वीस-पंचवीस मिनटं. जास्तच. डबे, ट्रंका, कणगी, तुझे कपडे, सगळं. तुला फोन वर फोन. पांडू म्हणाला, सोड आता, डोली कर. मग घोंगडीची डोली केली. वाडीत माणसं किती, तुला माहीतच. पांडू, मी आणि दोन बायका. खिंडीपलीकडं टेम्पो मिळाला, तवर..."

हैबतीनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला.

"तिला पडवीत टेकवून बसवलीवती. ती सारखी आत देवाकडं हात करत हुती. पांडू म्हणाला, देवाचा धावा करते. आम्ही पण हात जोडले." गणूनं नाक पुसलं. "मग चावी हुती कुठं, दादा?"

हैबतीला खोटं सुचलं नाही. तो म्हणाला, "देव्हाऱ्यात."

गणू आपल्या हातांकडं बघत राहिला.

"देव्हारा तेवढा राह्यला," तो हळू म्हणाला. "मी गोठ्यातनं आलेलो. गायीची वार पुरलीवती. हातपाय शेणानं आणि रक्तानं भरलेले, त्यात पारोसा. म्हटलं देवाला कसा हात लावू? पुढं जाऊन मागं आलो, दादा. दोन पावलांवर हुतो."

आणि तो पन्नाशीचा माणूस गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला. हैबती उठून त्याच्याजवळ बसला.

"येडा हायस तू. अरे, सहा वर्षं ती गाडी जाग्यावर उभी. बॅटरी मेलेली, पेट्रोल उडालेलं. ती कुठली चालू होते? चावी मिळून पण काय उपयोग नव्हता."

गणूनं वर बघितलं. "खरंच काय रे?"

"मग? सोळा वर्षं चालवलीय मी. मला कळत नाय?"

हैबती हे गणूचं समाधान म्हणून बोलला नव्हता. त्याला स्वतःला तसंच वाटत होतं. त्या रात्री गणू घरी गेला आणि जेवला, असं त्याच्या बायकोनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. हैबतीलाही त्या रात्री थोडी झोप लागली.

*

पौषातल्या एका रविवारी हैबतीनं गाडी भंगारात द्यायचं ठरवलं. शर्मिलाचा फोन आला की ती तेच विचारायची. गणू गुरं घेऊन वर माळावर गेला होता. हैबतीनं आंघोळ केली, देव पुसले, टाकाखालून चावी काढली. भंगारवाल्याला चावी द्यावी लागेल म्हणून काढली. मग ताडपत्री ओढली.

सीटवर धूळ नव्हती.

त्यानं चाक दाबून बघितलं. हवा होती. चेनला हात लावला, तर बोटाला ताजं ऑइल लागलं. टाकीचं झाकण उघडून गाडी हलवली. आत पेट्रोल डुचमळलं.

चावी लावून फिरवली. समोर न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला.

हैबती बराच वेळ त्या दिव्याकडं बघत उभा राहिला. मग डावा पाय टेकून, दुखऱ्या उजव्या पायानं किक मारली. पहिल्या किकला गाडी नुसती खोकली. दुसऱ्या किकला चालू झाली.

त्यानं झटकन चावी बंद केली, अंगणात धावत गेला आणि वर डोंगराकडं बघितलं. गुरांच्या घंटा लांब, पार वरच्या टेकाडावर वाजत होत्या. गणूपर्यंत आवाज गेला नसावा. अकरा घरांच्या वाडीत सात घरांना कुलपं. गणूची बायको आणि पांडू बाजाराला गेलेले, समोरच्या म्हातारीला ऐकू येत नव्हतं.

तो परत आला, गाडीवर ताडपत्री घातली आणि चावी जागेवर ठेवली. मग देव्हाऱ्यासमोर खाली बसला. पडवीतून आत हात केला, तर तो कुठं जातो हे त्यानं बसल्या जागेवरून बघितलं. सरळ देव्हाऱ्याकडंच जात होता.

ती धावा करत नव्हती.

*

आता गाडी भंगारात देता येईना. पडवीत ठेवूनही बघवेना. आणि चालू गाडी दारातून बाहेर काढली तर गणूला कळणार. आठ दिवस हैबती एसटीच्या खिडकीशी बसून एवढाच विचार करत होता. मग त्याला जे सुचलं ते असं.

पुढच्या रविवारी त्यानं गणूला हाक मारली. "गाडी सुशांतकडं न्यायचीय. नीट होते का बघतो."

"भंगारात देणार हुतास ना?"

"एसटीनं आता जमत नाय. घरी यायला अंधार होतो. गायीचं कोण बघणार?"

"मी हाय ना."

"तू किती दिवस?"

गणूनं शेपटाकडून हात लावला. खिंडीपर्यंत एक किलोमीटर चढ. हैबती हँडल धरून ओढत होता, गणू मागून ढकलत होता. निम्म्या वाटेत गणूला दम लागला, तरी तो थांबेना.

"काय जड झालीय रे! मेलेलं जनावर असंच जड लागतं," तो म्हणाला. आणि थोडं पुढं गेल्यावर, "बरं झालं दादा, तू मला त्या दिवशी सांगितलंस. नायतर मी... बघ ना, ही कुठली चालू होणार हुती!"

"ढकल नीट," हैबती म्हणाला. चावी त्याच्या खिशात होती.

खिंडीत गणूनं घाम पुसला. "इथनं उतार हाय. बस आता. ब्रेक तरी लागतो काय?"

"लागेल."

सहा वर्षांनी हैबती गाडीवर बसला तो असा. इंजिन बंद, गाडी नुसती उतारावर सोडलेली. चाकांचा आणि वाऱ्याचा आवाज तेवढा. जिथं पडला होता ते वळण आलं. पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि वळण मागं पडलं. खाली पुलाशी उतार संपला. पुढं दोन किलोमीटर सपाट रस्ता. किक मारली असती तर पाच मिनिटांत पोलादपूर आलं असतं. पण बाजारातून परतणारी माणसं समोरून येत होती, ती वर जाऊन बोलली असती. हैबती उतरला आणि ते दोन किलोमीटर त्यानं गाडी ढकलत नेली.

सुशांतचं गॅरेज स्टँडमागं होतं. तिशीचा तो गडी गाडी बघून उठून उभा राहिला.

"काका, ढकलत का आणली? पेट्रोल संपलं काय?"

"नाय."

"मग? काकींच्या आधी पंधरा दिवस तर मी..." सुशांत मधेच थांबला.

हैबतीनं गाडी मेन स्टँडवर चढवली. "बोल. मी त्याचसाठी आलोय."

सुशांतनं हात फडक्याला पुसले. मग म्हणाला, "काकींनी बोलायचं नाय म्हणून शपथ घातलीवती. दोन-अडीच महिन्यांनी फोन यायचा. गणूकाका गुरं घेऊन वर गेले, तू ये. मी जाऊन ऑइल, चेन, बॅटरी बघायचो. चावी माझ्या हातात नाय द्यायच्या. स्वतः आंघोळ करून काढायच्या, स्वतः लावायच्या. दहा मिनटं चालू ठेवायची, की बंद."

"का पण?"

"मी विचारलं एकदा. म्हटलं काकी, नवस तुमचाच, मग ही कशाला तयार ठेवता? तर म्हणाल्या, ते स्टँडवर बसून असतात ना रे रोज अडीच तास, मला इथं जेवण जात नाय. म्हणाल्या, देवाला दर शिमग्याला इचारते. देवानं मोकळं केलं, की त्याच दिवशी चावी त्यांच्या हातात देणार. तेव्हा गाडी नाय चालू झाली तर?"

स्टँडवर कोणती तरी एसटी लागली. कंडक्टर ओरडत होता.

"पाच वर्षं कौल लावला त्यांनी," सुशांत म्हणाला. "देवाच्या अंगावर फुलांचे ओले कळे लावतात, उजवा पडला तर हो. पाचही वेळा डावाच पडला. गेल्या खेपेला मी गेलो तर हसत होत्या. म्हणाल्या, यंदा मिळाला की पहिली फेरी रायगडाखाली पाचाडला. हिरकणीवाडीच्या रोपवेत बसायचंय. ह्यांना भीती वाटते, पण मी नेणार."

हैबतीला रोपवेची भीती वाटायची हे खरं होतं. हे तिनं या पोराला सांगावं याचं त्याला हसू आलं, आणि मग तो सुशांतच्या बाकावर बसला आणि बराच वेळ उठला नाही. सुशांतनं चहा आणला, तो निवून गेला.

उठताना हैबती म्हणाला, "आठ दिवस ठेव ही."

"काका, हिला काय झालेलं नाय."

"असू दे. आणि गणू कधी आला इकडं, तर सांग इंजिन खोलावं लागलं. पूर्ण जाम होतं."

सुशांत त्याच्याकडं बघत राहिला. मग त्याला काय समजायचं ते समजलं. "जाम होतं," तो म्हणाला.

*

आठ दिवसांनी हैबती गाडी चालवत वर आला. गणू फाट्यावर उभाच होता.

"झाली काय रे जिवंत?"

"झाली. इंजिन खोलावं लागलं."

"मग!" गणू म्हणाला आणि मागं बसला.

पहिले काही दिवस हैबती घाबरत चालवायचा. मोठे ट्रक आले की बाजूला थांबायचा. मग हात बसला. पहाटे साडेपाचला निघायचं, पावणेसातला गेटवर फोन द्यायचा, तीनला घ्यायचा. साडेचारच्या आत घरी. गायीला वैरण घालून, धार काढून, भात शिजवून होईपर्यंत उजेड असतो. एवढा उजेड सहा वर्षांत त्यानं घरात बघितला नव्हता. त्या उजेडात काय करायचं ते मात्र त्याला कळत नाही.

उज्वला गाडीवर एका बाजूनं बसायची. नीट बसली की त्याच्या खांद्यावर दोनदा बोटं आपटायची, मग तो क्लच सोडायचा. अजूनही निघताना तो गिअर टाकून क्षणभर थांबतो. एकदा गणू मागं बसलेला असताना असाच थांबला.

"चल की," गणू म्हणाला, "कोण यायचंय अजून?"

चावी त्यानं देव्हाऱ्यात परत ठेवली नाही. दाराच्या चौकटीला बाहेरून एक खिळा ठोकला आणि त्यावर लावली. हात पोचेल अशा उंचीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

"अशी उघड्यावर? कोण तरी गाडी घेऊन जाईल रे," गणू म्हणाला.

"नेऊ दे," हैबती म्हणाला.

वर्षश्राद्ध झालं. त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी पांडू गुरवानं देवळापाशी हात केला आणि मागं बसला. खिंड उतरल्यावर म्हणाला, "हैबती, देवाला इचारल्याबिगर गाडी काढलीस. घरात वर्षाचं अडत हुतं, कौल लावता येत नव्हता, म्हणून मी गप हुतो."

"आणि त्याच गाडीवर बसून बाजाराला चाललायस."

"नवस तुझ्या घरचा. मी कुणाच्याबी गाडीवर बसतो." पांडू खोकला. "थट्टा सोड. आता काय अडचण नाय. शिमग्याला कळे लावू. देव मोकळं करंल."

"लावू."

"शिमगा झाल्यावर बघू, असं नको म्हणूस."

"लावू म्हटलं ना."

पांडूला पोलादपूरला उतरवून हैबती तसाच पुढं निघाला. डावा पडला, तर तिनं सहा वर्षं तयार ठेवलेली गाडी बंद करायची. आणि उजवा पडला, तर मग तो तिला पाच वेळा का नाही दिलास, हे कोणाला विचारायचं? दोन्हीतलं काही ऐकून घ्यायची त्याची तयारी नाही.

शिमगा येऊन गेला. चावी दारातल्या खिळ्यावर आहे. हैबती रोज चौतीस किलोमीटर जातो आणि चौतीस किलोमीटर येतो. येताना देवळावरून जाताना गाडी हळू करतो, हात कपाळाला लावतो, थांबत नाही. कौल लावायचा अजून राहिला आहे.